रॅम वाढवायची की नवाच घ्यायचा

रॅम वाढवायची की नवाच कॉम्प्युटर घ्यायचा, हा वाद आमच्या घरात चार वर्षं चालला. घरात माणसं दोनच, आबा आणि मी. आबा म्हणजे माझे वडील. माय हा वाद सुरू व्हायच्या आधीच गेलेली, भाऊ सुरतला. त्यामुळे बाजू घ्यायला तिसरं कोणी नव्हतं आणि भांडण मिटवायलाही नव्हतं. मी म्हणायचे नवा. आबा म्हणायचे, "आजून एक वरीस चाली जाई."

चार वर्षं हे एकच वाक्य. शेवटी शेवटी तर मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणून मोकळे व्हायचे.

आबा शेतकरी माणूस. आमच्या गावी, कळसाडीला, विहिरीवरची मोटर जळाली की ते तिचं वायंडिंग भरून आणत. "हिरवरनी मोटर तीन डाव भरी आनी, नवी लिधी का आपुन?" असं ते मला विचारायचे. मोटरीला शाळेचे निकाल ऑनलाइन भरावे लागत नाहीत, हे त्यांना सांगून मी थकले. मी शहाद्याच्या एका शाळेत शिकवते. सुरू व्हायला त्या कॉम्प्युटरला इतका वेळ लागायचा की मी बटण दाबून कणीक मळायला जायचे, आणि हात धुऊन आले तरी तो अजून विचारच करत असायचा.

कॉम्प्युटर घरात आला तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. आबांनी गावात सांगितलं, पोरीच्या बीएडसाठी आणला. खरं कारण वेगळंच होतं. त्याआधी माझ्या लग्नाचा बायोडाटा ते शहाद्यातल्या एका टायपिंगवाल्याकडून करून आणायचे. त्याने एकदा माझी उंची पाच फूट एक इंचाऐवजी पाच फूट अकरा इंच करून टाकली. तो कागद चार घरी जाऊन आला, मग कोणाच्या तरी लक्षात आलं. आबांनी त्याच दिवाळीत ठरवलं की असल्या कामासाठी आपलं स्वतःचं यंत्र पाहिजे.

तेव्हापासून दरवर्षी तुळशीचं लग्न झालं की आबा कॉम्प्युटरपुढे माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे. ते सांगायचे, मी टाइप करायचे. स्वतःचा बायोडाटा स्वतःच टाइप करणारी मुलगी पंचक्रोशीत मी एकटीच असेन.

"लिख, रंग गोरा."

"आबा, मन्हाकडे देखा तरी."

"गोरीच शे तू. उनमा फिरी फिरीसन काळी पडनी."

"आनि स्वभाव?"

"मनमिळाऊ."

इथे आम्ही दोघंही हसायचो. माझा स्वभाव कसा आहे हे गल्लीतल्या कोणीही सांगितलं असतं. मी लवकर तापते, मोठ्याने बोलते आणि बोलताना समोर कोण आहे ते बघत नाही. पण आबांचं म्हणणं, मनमिळाऊ हा शब्द सगळ्यांच्याच कागदात असतो, आपल्या कागदात नसला तर लोक विचारतील की का नाही.

दर वर्षी वयाचा आकडा बदलायचा आणि अपेक्षेपुढची ओळ आखूड व्हायची. पहिल्या वर्षी तिथे उच्चशिक्षित, सरकारी नोकरी, नाशिक किंवा पुणे असं बरंच काही होतं. मग नुसतं पदवीधर राहिलं. मग पदवीधरही गेलं आणि निर्व्यसनी आलं. त्यानंतर काही वर्षं फक्त अनुरूप एवढाच शब्द होता. आबा त्या कागदाच्या चार-पाच प्रती घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. कोणाच्या दशक्रियेला प्रकाशा या तीर्थाला गेले तरी खिशात कागद असायचाच. तापीच्या काठावर एकीकडे पिंडदान चालू आणि दुसरीकडे आबा कोणालातरी बाजूला घेऊन माझी उंची सांगतायत. मला हे कळलं तेव्हा मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

मग एका वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि आबांनी खुर्ची ओढली नाही. कापूस वेचायला बाया लावल्यात असं सांगून ते दिवसभर शेतातच राहिले. मी तेव्हा सदतिसाव्या वर्षात होते. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या संध्याकाळी भाजीत मीठ टाकायचं राहिलं आणि आबांनी ती तशीच मुकाट्याने खाल्ली. पुढच्या वर्षीही त्यांनी विषय काढला नाही. मी समजले, आबांनी माझा नाद सोडला. त्याचं वाईट वाटलं हे मी कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर कॉम्प्युटर म्हातारा व्हायला लागला. एकदा रॅम वाढवली. एकदा वीजपुरवठ्याचा डबा, तो एसएमपीएस, बदलला. माऊस तर तीनदा बदलला. दर वेळी आबा खूश. बघ, भरून आणली की नाही मोटर, असा त्यांचा चेहरा.

याच काळात एक दिवस कीबोर्डवर कागदाच्या बारीक चौकोनी चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसल्या. कॅलेंडरच्या मागचा कोरा कागद, त्यावर निळ्या बॉलपेनने एकेक मराठी अक्षर. आमचा मराठीचा फॉन्ट जुना होता. त्यात कुठल्या बटणावर कुठलं अक्षर येतं, याचा त्या बटणावर छापलेल्या इंग्रजी अक्षराशी काही संबंध नसायचा. मी टायपिंगच्या क्लासला जाऊन ते शिकले होते, पण मोबाइल आल्यापासून ती सवयही सुटली होती. आबांनी एकेक बटण दाबून, काय उमटतं ते बघून चिठ्ठ्या केल्या होत्या. मी विचारलं, हे काय?

"बठा बठा टाईमपास, बेटा."

चिठ्ठ्या पिठाच्या खळीने चिकटवल्या होत्या. खळीला मुंग्या लागतील, आत शिरतील, म्हणून मी चिडले आणि नखाने खरवडायला लागले. पाच-सहा निघाल्या. आबा दारातून म्हणाले, "ऱ्हाऊ दे वं." माझी एसटीची वेळ झाली होती म्हणून बाकीच्या राहिल्या.

यंदा परीक्षा झाल्यावर मी निकाल भरायला बसले. दोन तास बसून अख्ख्या वर्गाचे गुण भरले, आणि पडदा गोठला. काहीच हलेना. बटण दाबून बंद करावा लागला, सगळं गेलं. आबा खाटेवर बसून पेपर वाचत होते. सवयीने म्हणाले, "रॅम वाढाई ले."

मग मी ओरडले. "कोनाकरता जपी ऱ्हायनात हाऊ डब्बा? मन्हं लगीन आते व्हनार नही. तुम्ही निंघी जाशात, आनि मी या भंगारसंगे पडी ऱ्हासु!"

शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला, इतकी मी मोठ्याने बोलले. आबांनी पेपरची घडी केली. उठले, मायने शिवलेलं कापडी कव्हर आणलं आणि कॉम्प्युटरवर नीट घातलं. कोपरे ओढून सारखे केले. मग चपला घालून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना म्हणाले, "ले बेटा नवा. सुट्टी लागनी का लई ये." मी अजून फुगलेलीच होते. "बघू," म्हटलं. एवढंच. माफी मागायची माझ्या मनात होती, पण मला वाटलं राग उतरला की मागू. घाई काय होती.

त्यानंतर दहाव्या दिवशी सकाळी अंगणात दात घासता घासता आबा खाली बसले, ते उठलेच नाहीत.

दशक्रिया प्रकाशालाच झाली. भावाने सगळं केलं. मी बायकांमध्ये बसून उगाच समोरच्या पुरुषांच्या सदऱ्यांच्या खिशांकडे बघत होते. भाऊ सुरतला परत गेला, पाहुणे गेले, आणि घरात मी राहिले आणि तो डब्बा राहिला. मी म्हटलं होतं तसंच झालं.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मी सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षाने शहाद्याला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार मारवाडी, माझ्याहून थोडा मोठा. त्याच्या वडिलांचं तिथेच कापडाचं दुकान होतं. माझ्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतो. त्याने बाजूचा पत्रा काढला. आतल्या पंख्यावर कापसाची बारीक रुई साचली होती. त्याने ती ब्रशने झाडली आणि म्हणाला, "मॅडम, रॅम टाकसु, एसएसडी डिस्क टाकसु, पन बोर्डच जुना शे. सा महिनामा परत येशात. तुम्ही सांगा तसं करू."

मी सांगेन तसं. चार वर्षं मला हेच पाहिजे होतं. आता नको म्हणणारं कोणी नव्हतं. मी बाकावर बसून राहिले. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. शेवटी मी विचारलं, आणखी एक वर्ष नाही का चालणार? तो हसला. माझं तोंड बघून हसायचा थांबला. "नका करू मॅडम," एवढंच म्हणाला.

मग मी नवा घेतला. जुन्यातलं काय काय घेऊ, त्याने विचारलं. मी म्हटलं फोटो घ्या, डॉक्युमेंटचं फोल्डर घ्या, बाकी सगळं पुसून टाका.

नवा कॉम्प्युटर मी खुर्चीत बसायच्या आत सुरू होतो. त्याच्यासोबत कीबोर्डही नवा आला. जुना मी मायच्या कव्हरमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवला होता. एका रविवारी दुपारी मी जुन्या फायली लावत बसले. त्यात बायोडाटाची फाइल दिसली. पुसून टाकणार होते, पण शेजारची तारीख बघितली. ती सात वर्षांपूर्वीची असायला हवी होती. फाइल शेवटची बदलली होती ती यंदा, मी ओरडले त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी अडीच वाजता. त्या वेळी मी शाळेत होते. घरात फक्त आबा होते.

मी फाइल उघडली. पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे, चिन्हं. नव्या कॉम्प्युटरवर तो जुना फॉन्टच नव्हता. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, डिस्क तर पुसली, फॉन्ट कोणाकडून तरी मिळवतो, आठ दिवस द्या. आबांनी माझ्याबद्दल काहीतरी लिहिलं होतं, माझ्या ओरडण्यानंतर लिहिलं होतं, आणि ते माझ्यासमोर असून मला वाचता येत नव्हतं. पुसून टाका असं मीच सांगितलं होतं.

किती वेळ त्या पानाकडे बघत बसले कोण जाणे. मग लक्षात आलं, पडद्यावर दिसतायत ती आबांनी दाबलेली बटणंच आहेत. मी स्टूल घेऊन कपाटावरून जुना कीबोर्ड काढला. चिठ्ठ्या होत्या. मुंग्या लागल्या नव्हत्या.

वही घेतली. पडद्यावरचं एक अक्षर बघायचं, तेच बटण जुन्या कीबोर्डवर शोधायचं आणि त्याच्यावरच्या चिठ्ठीत आबांनी काय लिहिलंय ते वहीत उतरवायचं. मी खरवडलेली बटणं आली की जागा कोरी सोडायची. त्या जागा पुष्कळ झाल्या. प्रत्येक कोऱ्या जागेला मला माझं नख आठवत होतं.

पहिल्यांदा माझं नाव आलं. मग वय. बेचाळीस, बरोबर लिहिलं होतं. रंग, गोरा. मला हसू आलं आणि मग रडू आलं. शिक्षण, नोकरी, सगळं जुनंच होतं. अपेक्षा या शब्दापुढे काही नव्हतं. आबांनी अनुरूपसुद्धा काढून टाकलं होतं.

राहिला स्वभाव. तिथे मनमिळाऊ असणार हे मला माहीत होतं, पण अक्षरं जास्त होती. आबांना एक बोट चालवून ती ओळ टाइप करायला अर्धी दुपार लागली असेल. ते बोलायचे तसंच त्यांनी लिहिलं होतं. दोन जागा कोऱ्या राहिल्या, त्या मी अंदाजाने भरल्या. माझ्या वहीत अशी ओळ तयार झाली: "चिडस. पन मनमा ठेवत नही."

मी त्यांना तसं बोलले होते, आणि दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर ते कोणा परक्या माणसापुढे माझी बाजू मांडत बसले होते. माफी मागायची राहिली ती माझ्याकडून. त्यांनी माझं बोलणं मनात धरलंच नव्हतं.

मी मात्र ठेवते मनात. त्या संध्याकाळचा शब्दन् शब्द ठेवलाय, कव्हरचे कोपरे ओढणारे त्यांचे हातसुद्धा. आबांनी त्या कागदात दोनच गोष्टी खोट्या लिहिल्या. एक रंग. दुसरी ही.