मनोऱ्याच्या जोत्यातला वाघोबा

"आत कोन हाये, त्यानं भायेर ये."

सुरुंगाची वात पेटवण्याआधी तो खडकावर घणाचे तीन ठोके द्यायचा आणि एवढं बोलायचा. मग विडी ओढत बसायचा. विडी संपेपर्यंत वातीला काडी लावायची नाही. खडकात साप असेल, घोरपड असेल, नाहीतर आणखी कोणी असेल. घर मोडण्याआधी घरातल्याला हाक मारायची, हा त्याचा नियम.

मोखाड्याच्या रस्त्यावर माझी खाण होती, तिथे तो सुरुंग लावायचा. खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरचा गडी. डाव्या हाताची दोन बोटं सुरुंगानं नेलेली, आणि राग नेहमी नाकावर. राग मलाही होता. एकदा गाड्या खोळंबल्या होत्या आणि हा घोरपड बाहेर यायची वाट बघत दुसरी विडी ओढत होता. मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं उठून घणाचा दांडा माझ्या तोंडावर घातला. माझा पुढचा दात नाही, तो असा गेला. मी रक्त थुंकत असताना घोरपड बाहेर आली. "आली बघ," तो म्हणाला आणि शांतपणे वात पेटवायला गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याला कामावरून काढला आणि तिसऱ्या दिवशी पाड्यावर जाऊन परत घेऊन आलो. त्याच्यासारखा दगड काढणारा दुसरा नव्हता, आणि मी दातापायी धंदा बुडवणारा माणूस नाही.

तुम्ही जव्हारला गेलात, तर बँकेचं मुख्य ऑफिस नक्की बघाल. काळ्या दगडाची बसकी इमारत, कोपऱ्यात कमरेपासून तुटल्यासारखा मनोरा. वीज पडली होती, असं तिथले कारकून सांगतात. ऐकून घ्या. पण ती भिंत मी बांधली आहे, म्हणून माझंही ऐका.

बँक बाहेरच्या व्यापाऱ्यांची. संस्थानात त्यांना आपलं मुख्य ऑफिस हवं होतं, आणि ते लांबून दिसावं म्हणून मनोरा. काम मी भांडून मिळवलं. एका बैलगाडीवर लाकडं वाहण्यापासून मी सुरुवात केली होती. मनोरा बांधला की जव्हारात मला कोणी 'अरे' म्हणणार नव्हतं. मनोऱ्याच्या कोपऱ्याला एक लांब, अखंड दगड हवा होता. तसा दगड आसपास एकच होता, आणि तो माझ्या या सुरुंगवाल्याच्या पाड्याचा वाघोबा होता. उभा काळा दगड, त्यावर कोरलेला, झिजलेला वाघ, अंगभर शेंदूर. दिवाळीतल्या वाघबारशीला सगळा पाडा तिथे कोंबडं कापायचा, म्हणजे वर्षभर वाघ गुरांना शिवायचा नाही.

बँकेच्या साहेबांशी मी सौदा केला. दगड दर्शनी बाजूला, मनोऱ्याच्या जोत्यात बसवायचा, तोंड बाहेर. शेंदूर पुसायचा नाही. वाघबारशीला पाड्यानं यावं, कोंबडं कापावं, जावं. साहेबांनी सगळ्याला मान डोलावली. मी त्याला सांगितलं, "तुझा देव जव्हारात बसेल. येणारा-जाणारा पाया पडेल."

त्यानं हातातला घण खाली ठेवला. "तू बोलतोस शेट, का साहेब बोलतो?"

"मी बोलतो."

"मंग मी पाड्याला बोलतो. खोटं झालं तं लोक मना जीता नाय ठेवायचे, आन मी तुला."

पाड्यावर मारामारी झाली. त्याच्या सख्ख्या भावानं त्याच्यावर कोयता उगारला. पण त्यानं पाड्याला शब्द दिला, आणि दगड काढला. त्या दिवशी त्यानं सुरुंग लावला नाही. छिन्नीनं खाचा पाडून, लाकडी पाचरी मारून, पाणी ओतून तो दगड सोडवत राहिला. तीन ठोकेही दिले नाहीत. मी विचारलं तेव्हा ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "उठवायचा नाय त्याला. निजलेलाच न्यायचा." गाडी जव्हारात पोचेपर्यंत त्यानं बैलांच्या घुंगरांत गवत कोंबून ठेवलं होतं.

मनोरा उभा राहिला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेबांनी शेंदूर घासून काढायला लावला. पाहुण्यांना बरं दिसत नाही, म्हणे. मी तोंडाला येईल ते बोललो. साहेब हसले. "शेट, दगड विकलात ना? मग आता आमचा."

वाघबारशीला पाडा आला. म्हातारी माणसं, बाया, बगलेत कोंबडी. पहारेकऱ्यांनी काठ्या चालवल्या. माझ्या सुरुंगवाल्याच्या आईचं मनगट मोडलं. एका पहारेकऱ्यानं कोंबड्याची मान पिरगळून ते तिच्याच तोंडावर फेकलं. मी खाणीवर होतो, मला संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी काठी घेऊनच बँकेत शिरलो आणि साहेबांची कॉलर धरली. दोघांनी मला मागून आवळलं, एकानं पोटात गुद्दा मारला. मी शिव्या देत होतो, इतक्यात खालून आवाज आला.

ठण्. ठण्. ठण्.

"उठ बाबा. हितं ऱ्हायाचं नाय. आन आत कोन हाये, त्यानं भायेर ये."

कारकून हसले. मी नाही हसलो. मी खिडकीतून खाली बघितलं. जोत्यात दारू ठासलेली, वात बाहेर आलेली, आणि तो पायरीवर बसून विडी ओढत होता. कालच्याच पहारेकऱ्यानं त्याच्यावर काठी उगारली. यानं बसल्या जागेवरून घणाचा दांडा फिरवला, आणि त्याचा जबडा फुटल्याचा आवाज मला वरपर्यंत आला. मग त्याच माणसाला बखोटीला धरून त्यानं रस्त्याच्या पलीकडे फरफटत नेलं आणि परत येऊन विडीचा शेवटचा झुरका घेतला.

"पळा," मी ओरडलो. साहेब माझ्या पुढे पळाले, हे मी आवर्जून सांगतो.

मनोऱ्याचा कोपरा उडाला आणि वरचे मजले छत फोडून आत आले. धुरळा बसला तेव्हा वाघोबाचा दगड मधोमध दुभंगून पडला होता. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली भिंत. मी त्याच्या अंगावर धावलो. "माझ्या भिंतीनं तुझं काय केलं होतं?"

"तुजी भिंत गेली, माजी जबान गेली," तो म्हणाला. "आता आपलं फिटलं, शेट." आणि पाड्याची वाट धरली. पळाला नाही, चालत गेला.

शिपायांनी त्याला पाड्यावरूनच उचलला. मोखाड्याच्या रस्त्यानं बेड्या घालून आणताना ते माझ्या खाणीवरून गेले. तोंड सुजून एक डोळा बंद झालेला. चालता चालता तो रस्त्याकडेच्या प्रत्येक मोठ्या खडकाशी थांबायचा आणि बेडीनं हळूच तीन ठोके द्यायचा. कान लावायचा. शिपाई बंदुकीचा दस्ता हाणायचा की पुढे चालायचा. खाणीच्या वरच्या अंगाला, वळणावर एक काळा खडक आहे. तिथे त्यानं ठोके दिले, कान लावला, आणि पाठीत दस्ते बसत असतानाही हलेना. मग फुटक्या ओठांनी हसला. माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

होळीच्या आधी तो कोठडीतच मेला. मारानं की तापानं, मला कोणी सांगितलं नाही.

पुढे साहेबांनी मला बोलावलं. मनोरा पुन्हा चढवायचा होता. तुटक्या दगडाला पाड्यावरचं कोणी शिवायलाही तयार नव्हतं. त्यात आता कोन नाय, म्हणत होते. साहेबांना नवा अखंड दगड हवा होता. त्यांचा माणूस खाणीकडे फिरून गेला होता. "वळणावरचा तो काळा खडक. काय घ्याल बोला. या वेळी घासाघीस करणार नाही."

तसा खडक मी उभ्या आयुष्यात दुसरा बघितला नव्हता.

"कच्चा आहे," मी म्हणालो. "आतून भुसभुशीत. एक पावसाळा टिकायचा नाही."

स्वतःच्या मालाला मी एवढ्या एकाच वेळी नावं ठेवली आहेत. मनोरा तसाच तुटका राहिला. वळणावरून गाड्या नेताना मी अजून गाडीवानाला घुंगरांत गवत कोंबायला लावतो, आणि कुणी कारण विचारलं की त्याच्या अंगावर खेकसतो.