अक्कांनी उघडलेलं मशीन

अक्कांच्या दुकानात ‘फॉर्मॅट’ हा शब्द काढायची सोय नव्हती. कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या तोंडून तो चुकून निघाला, तर त्याला चहा मिळत नसे आणि पुढच्या वेळी बोलावणंही जात नसे. बिचाऱ्यांचा तरी काय दोष? मशीन हळू चालतंय म्हणा, अडकतंय म्हणा, आवाज करतंय म्हणा, कॉम्प्युटरवाल्यांकडे सगळ्या दुखण्यांवर एकच काढा: सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून भरायचं. अक्का चष्मा नाकावर खाली ओढून त्याच्याकडे बघायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "ताप आला म्हणून घरातलं माणूस बदलतेत व्हय रे?"

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या आमच्या गल्लीत माझं चष्म्याचं दुकान आणि त्यांचं लग्नपत्रिकांचं, मध्ये एक भिंत. अक्का घरी तेलुगू बोलणाऱ्या, विणकरांच्या कुटुंबातल्या. नवरा लवकर गेला, मुलगा लहान, तेव्हा त्या एका छापखान्यात अक्षरजुळणी शिकल्या आणि पुढे स्वतःचं दुकान थाटलं. पत्रिका कॉम्प्युटरवर जुळवायच्या आणि छपाई बाहेरून करून आणायच्या. सोलापुरात हे काम एका भाषेत भागत नाही. सकाळी बार्शीकडची मराठी पत्रिका, दुपारी अक्कलकोटची कन्नड, संध्याकाळी घरची तेलुगू आणि मधूनच उर्दू. अक्का चारही लिप्यांत टाइप करायच्या आणि चारही भाषांत गिऱ्हाइकाला झापायच्या. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, पण मला ‘चष्मेवाले भाऊ’ म्हणायच्या. माझ्याकडे नंबर तपासायला बसल्या की तक्त्यावरची अक्षरं वाचायचं सोडून त्यांच्या वळणातल्या चुका काढायच्या.

हे सगळं ज्या मशीनवर चालायचं ते गल्लीतल्या बऱ्याच संसारांपेक्षा जुनं होतं. त्यातलं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी गाशा केव्हाच गुंडाळला होता, आणि ज्या सीडीवरून ते घातलं होतं ती मधोमध तडकली होती. म्हणजे एकदा पुसलं की चारही भाषा गेल्या. शिवाय आजवर केलेली प्रत्येक पत्रिका त्यात होती. "थोरल्याची काढा, तश्शीच धाकट्याची करायची," असं म्हणत लोक वर्षानुवर्षं त्याच दाराशी यायचे.

पत्रिका छापायला देण्याआधी अक्कांचा एक नियम होता. घरातल्या माणसानं समोर बसून, शब्दाशब्दावर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचायची. "बघू नका, वाचा," त्या म्हणायच्या. "डोळा लबाड असतोय. त्याला पायजे तेच बघतोय." हे त्या माझ्यादेखत म्हणायच्या, माझ्या धंद्याचा काहीही मुलाहिजा न ठेवता. एकदा वैरागच्या एका कुटुंबानं थोरल्या मुलाच्या पत्रिकेवरून धाकट्याची करून घेतली. सगळ्यांनी बघितली, माना डोलावल्या. अक्कांनी वाचायला लावली. वाचत होती घरातली थोरली सून. नवऱ्या मुलाचं नाव झालं, पुढे नवरीचं नाव वाचलं आणि बोट तिथंच ठेवून ती थांबली, कारण ते तिचं स्वतःचं नाव होतं. मुलाचं नाव बदललं होतं, मुलीचं बदलायचं राहिलं होतं. सासरे खोकत बाहेर गेले. सून पदराआड इतकी हसली की काय झालं ते बघायला मी उठून गेलो. अक्का मात्र हसत नव्हत्या. "चूक माझी हाय," एवढंच म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर नाव बदललं आणि परत पहिल्यापासून वाचायला लावलं. मला अक्का तेव्हापासून फार आवडायला लागल्या.

मग मशीन म्हातारं झालं. सकाळी बटण दाबून अक्का दुकान झाडायच्या, पाणी भरायच्या, उदबत्ती लावायच्या, तरी पडद्यावर काही उमटायचं नाही. आतून कटकट असा आवाज यायला लागला. हार्ड डिस्क जाणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्यात आदल्या वर्षी अक्का न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या, आणि हैदराबादला बँकेत असलेला त्यांचा मुलगा श्रीनू त्यांना कायमचं घेऊन जायच्या मागे लागला होता. मुलगा गुणी. रोज फोन करायचा, नातीशी बोलायला द्यायचा. शेवटी मायलेकांत एक ठरलं. मशीन चालतंय तोवर अक्का इथं. ते बंद पडलं की दुकानाला कुलूप आणि त्या हैदराबादला. नवं मशीन घ्यायचं नाही. श्रीनूनं हे लगेच मान्य केलं, कारण तो आवाज त्यानंही ऐकला होता.

त्यानंतर भिंतीपलीकडून दुपारच्या वेळी तेलुगूतलं व्याख्यान ऐकू यायला लागलं. मला आधी प्रवचन वाटलं. जाऊन बघतो तर मोबाइलवर कुणी तरुण जुन्या डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क काढून तिथं एसएसडी कशी बसवायची ते दाखवत होता, आणि अक्का त्याला थांबवून थांबवून मागे नेत होत्या.

"जुन्या डिस्कच्या आत तबकडी फिरती," त्यांनी मला समजावलं. "हिच्यात फिरायचं काईच न्हाई, म्हणून दमायचं बी न्हाई. जुन्यातलं जसंच्या तसं हिच्यात उतरवून घ्यायचं. क्लोन म्हणतेत. पुसायचं न्हाई काय."

"मग बोलवा की कुणाला तरी."

"कुणाला बोलवू? गावात बरा मेकॅनिक एकच, तो श्रीनूचा वर्गमित्र. हितनं उठला की त्याला फोन लावंल."

मी जरा चाचरत म्हणालो, "पण अक्का, तुमचं त्याच्याशी ठरलंय ना?"

"बंद पडलं तर येते म्हणलंय. पडू द्यायचं असं कुटं ठरलंय?" मग म्हणाल्या, "भाऊ, तितं काय कमी न्हाई मला. नातीला खेळवीन, जेवीन, टीव्ही बघीन. पण तितं मला कुणी काय विचारायला येणार न्हाई. हितं मानसं विचारायला येतेत."

एका रविवारी दुपारी आम्ही दोन्ही दुकानांची शटरं अर्धी ओढली. मधेच वीज गेली तर घोटाळा नको म्हणून माझ्या इन्व्हर्टरची वायर त्यांच्या दुकानात नेली. चष्म्याच्या दांड्यांचे बारीक स्क्रूड्रायव्हर आणि काचा पुसायचा मऊ ब्रश माझा. बाकी सगळे हात अक्कांचे. मला त्यांनी कशाला शिवू दिलं नाही.

बाजूचा पत्रा निघाला आणि आत राखाडी गादी दिसली. आमच्या गावात धूळसुद्धा निम्मी सुताची असते. अक्कांनी ती ब्रशनं हळूहळू काढली. आतल्या कशालाही हात लावण्याआधी त्या दर वेळी पेटीच्या लोखंडाला हात लावत होत्या. "अंगातली वीज उतरती," म्हणाल्या. नवी एसएसडी त्यांनी तळहातावर घेऊन तोलली. "लई हलकी हाय की. एवढ्यात चार भाषा मावतेत?" ती बसवायला पेटीत मापाची जागा नव्हती. तेव्हा नमुन्यांतली एक जाडजूड पत्रिका कापून, दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावून त्यांनी तिला अंथरूण केलं. जुनी डिस्क अजून जागेवरच होती. दोन्हींना वायरी जोडल्या आणि मशीन सुरू केलं.

पडद्यावर दोन चौकोन आले. एकात ज्यातून उतरवायचं ती डिस्क टाकायची, दुसऱ्यात जिच्यावर उतरवायचं ती. अक्कांनी दोन्ही भरले. बटणावर बाण नेला, आणि माउसवरचा हात काढून घेतला.

"वाचा," म्हणाल्या.

"अक्का, ही काय पत्रिका आहे?"

"वाचा की."

मी पडद्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागलो. पहिल्या चौकोनात नवी डिस्क. दुसऱ्यात जुनी. खाली लाल अक्षरांत इशारा, की दुसऱ्या डिस्कमध्ये जे काही असेल ते सगळं पुसलं जाईल. मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, पण माझंच वाचलेलं माझ्या कानावर पडलं आणि मी म्हणालो, "अक्का, हे उलटं आहे. कोऱ्यातलं भरलेल्यावर चाललंय."

अक्कांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पडद्याजवळ वाकल्या. "नव्याचं नाव आधी टाकलं बघा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. एक बटण दाबलं असतं तर ज्या शब्दाला त्यांनी आयुष्यभर दाराबाहेर ठेवलं तोच स्वतःच्या हातानं घरात आला असता. त्या उठल्या. पाणी प्याल्या. नावं बदलली. मला परत वाचायला लावलं, मग स्वतः बोट ठेवून वाचलं, आणि दाबलं.

दुपार त्यात गेली. मध्ये वीज गेलीच, पण इन्व्हर्टरनं लाज राखली. उतरवून झाल्यावर अक्कांनी जुनी डिस्क काढली, तिची वायर नवीला लावली आणि बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर पांढरी एक ओळ, बास. मला वाटलं, गेलं सगळं. अक्का मात्र आता शांत होत्या. बंद करून त्यांनी परत आत हात घातला, तर वायरीचं टोक अर्धवटच खोचलेलं होतं. ते दाबलं आणि परत सुरू केलं. चष्मा नाकावर नीट चढेपर्यंत पडदा उजळून तयार. अक्कांनी एक मराठी पत्रिका उघडली, मग कन्नड, तेलुगू, उर्दू. एकेक वेलांटी जागच्या जागी होती. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. आपल्या ओळखीत असं माणूस आहे याचा मला त्या दिवशी मनापासून अभिमान वाटला.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच श्रीनूला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं, उलटे चौकोनसुद्धा. तेलुगूत, पण जन्म सोलापुरात गेलेल्या माणसाला तेवढं कळतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं अम्मा. औषधं वेळेवर घेत जा."

पुढची काही वर्षं अक्कांनी आम्हाला उच्छाद आणला. गल्लीत कुणाचंही मशीन कुरकुरलं की या हजर. पण स्वतः हात लावायच्या नाहीत. "तुमी खोला. मी बाजूला बसते," म्हणायच्या, आणि घाबरलेल्या माणसाकडून सगळं करून घ्यायच्या. माझंही मशीन मीच उघडलं, त्यांच्या शिव्या खात. सगळंच काही गोड नव्हतं. नातीला पहिली अर्धी साडी नेसवायच्या, ओणीच्या कार्यक्रमाला, ऐन लग्नसराईत दुकान कसं सोडू म्हणून, त्या गेल्या नाहीत. मला ते पटलं नाही आणि मी तसं म्हणालो, तर कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तरी सकाळी त्यांचं शटर वर गेल्याचा आवाज आला की मला बरं वाटायचं.

अक्का गेल्या त्या झोपेतच, आदल्या दिवशी एक कन्नड पत्रिका पुरी करून. दिवसपाणी झाल्यावर श्रीनू दुकान रिकामं करायला आला. मशीन त्यानं चादरीत गुंडाळून स्वतःच्या गाडीत ठेवलं, ते मला बरं वाटलं. बाकीचं टेम्पोत भरायला मीही गेलो. आम्ही दोघं सामान उचलत होतो.

"काका," वायरींचं वेटोळं करता करता तो म्हणाला, "त्या रविवारी तुम्हाला ती चूक दिसली नसती, तर अम्मा ही सगळी वर्षं माझ्या घरी असती." रागानं म्हणाला नाही. "माझ्या मुलीला ती फोनवरचीच आजी राहिली."

तो म्हणाला ते खरं होतं. आणि तो रविवार परत आला, अक्कांनी परत वाचायला सांगितलं, तर मी परत तेच बोलेन, हेही खरं आहे. ते त्याला सांगायचा मला धीर झाला नाही. त्यानं अक्कांची खुर्ची एका बाजूनं उचलली. मी दुसऱ्या बाजूनं धरली आणि आम्ही ती टेम्पोत चढवली.