मामा आणि होडीचं जाम इंजिन

बंद पडलेली वस्तू या जगात असूच शकत नाही, अशी श्रद्धा असलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. हे आमच्या हिचे मामा. फौजेत गाड्यांची इंजिनं खोलण्या-जोडण्यात त्यांची उमर गेली, आणि निवृत्त झाल्यावर ते सांगलीजवळच्या आपल्या नदीकाठच्या गावी ऊस करायला म्हणून आले. ऊस मामी करतात. मामा कुणाच्याही घरी गेले की आधी पंख्याकडे बघतात, मग माणसांकडे. आमच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत मांडवामागचा जनरेटर खोकला, आणि हातातल्या अक्षता शेजाऱ्याच्या ओंजळीत टाकून मामा जे गेले, ते शेवटच्या पंगतीला उगवले. आमच्या अल्बमात त्यांचा एकच फोटो आहे, मला आशीर्वाद देतानाचा. माझ्या कोऱ्या फेट्यावर ऑइलची पाच बोटं त्यात स्वच्छ दिसतात.

पण या सगळ्यावर कडी केली ती होडीच्या इंजिनाने. मामांची थोरली बहीण, आक्का, ओढ्यापलीकडच्या मळ्यात एकटी राहते. एरवी पाच मिनिटांची वाट, पण कृष्णा फुगली की पाणी ओढ्यात मागे घुसतं आणि मळ्याचं बेट होतं. एका मोठ्या पुरात म्हैस सोडून येत नाही म्हणून आक्का मागे राहिली. गावात होडी होती, पण वल्ह्यांची. मामांनी ती चारदा पाण्यात घातली आणि चारही वेळा पाण्याच्या ओढीने ती खालच्या बाभळीत नेऊन अडकवली. आक्का दोन दिवस गोठ्याच्या स्लॅबवर बसून, आणि मामा दोन दिवस अलीकडच्या काठावर उभे. जिच्यासाठी आक्का राहिली होती ती म्हैस मात्र पहिल्याच दुपारी दावं तोडून, आरामात पोहत गावात आली. म्हशीला जमलं ते मामांना जमलं नाही, असं गावात कुणी बोललं नाही, पण मामांना ते चोवीस तास ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी सरकारी बोटीने आक्काला आणलं. ती भावाला एका शब्दाने बोलली नाही, आणि मामांना तेच लागलं. पुढच्या पुराला होडीला इंजिन पाहिजे म्हणजे पाहिजे, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं.

नवं इंजिन आवाक्याबाहेरचं. मग मलकापुरात एका भंगारवाल्याकडे त्यांना हे रत्न सापडलं. कुठल्याशा धरणावर राबून मेलेलं, आत गाळ, वर कुंभारमाशीचं घर, आणि पिस्टन असा जाम की तसूभर हलेना. ते आणायला माझी गाडी. गाडी नवी होती हे मी दोनदा सांगून पाहिलं. इंजिनाला मागच्या सीटवर झोपवून, उशाला माझा स्वेटर देऊन मामा शेजारी बसले आणि म्हणाले, "जावईबापू, खड्डं बघून चालवा. पेशंट हाय."

गावात सल्ला देणाऱ्यांना काय तोटा? कुणी म्हणालं तापवा, कुणी म्हणालं ट्रॅक्टरला बांधून ओढा. कारखान्यातला एक फिटर तर घण घेऊनच आला. मामांनी त्याला चहा पाजला आणि घण मामींच्या ताब्यात दिला. "माणसाची पाठ धरली तर घण घालता व्हय रं? जरा दमानं घ्या की." त्यांची रीत वेगळी. प्लग काढून रोज संध्याकाळी आत डिझेल आणि ऑइल थोडं थोडं सोडायचं, सकाळी चाक हातानं हलकेच दाबून बघायचं, आणि नाही फिरलं तर गुपचूप झाकून ठेवायचं. सोप्यात चादरीवर त्याचे नटबोल्ट रांगेत मांडलेले असत आणि रोज सहाला त्यांची हजेरी होई. खंडेनवमीला घरातल्या पान्यापासून विळ्यापर्यंत सगळ्यांना झेंडू मिळाला, इंजिनाला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "अजून ड्युटीवर कुठं हाय त्ये?"

एके दिवशी मी साताऱ्यात ऑफिसात साहेबांसमोर उभा असताना फोन आला. "जावईबापू, हाललं." बस्स, फोन बंद. साहेबांनी काळजीने विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? मी म्हणालो, होतं, आता शुद्धीवर आलंय. चक्क अर्ध्या दिवसाची रजा मिळाली, आणि मी ती घेतली.

पुढे पाणी ओढणारा रबरी पंखा कुठेच मिळेना, तर मामांनी यंत्राच्या जाड रबरी पट्ट्याच्या तुकड्यातून तो ब्लेडने कोरून काढला. सहा बिघडले, सातवा बसला. हे इंजिन कोरडं चालवलं की तापून पुन्हा जाम होतं, म्हणून पहिली चाचणी म्हशीच्या हौदात. दोरी ओढली, इंजिन गरजलं आणि होडी ढकलणाऱ्या खालच्या मोठ्या पंख्याने निम्मा हौद उचलून आम्हा सगळ्यांच्या अंगावर ओतला. मामी खांद्यावरचं शेवाळ झटकत उभ्या होत्या आणि मामा हसत होते, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हशीने त्यानंतर आठवडाभर त्या हौदाला तोंड लावलं नाही.

गेल्या श्रावणात पाणी पुन्हा चढलं. मी नेमका तिथे सापडलेला. आक्काला निघ म्हणून सांगून सगळे थकले होते. "म्हस जाईल तिची ती. कोंबड्यास्नी कोण बघंल?" असं म्हणून ती राहिली ती राहिलीच. दुपारपर्यंत मळ्याची वाट बुडाली. मामांनी इंजिन होडीला आवळलं, मला कमरेला ट्यूब अडकवायला लावली आणि दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. चौथ्या वेळीही नाही, तेव्हा मामांनी प्लग काढला, सदऱ्याला पुसला आणि परत बसवला. सहाव्या ओढीला इंजिन सुरू झालं. मग बाभळीकडे ढुंकूनही न बघता होडी सरळ पलीकडे गेली.

आक्का आली, कोंबड्यांचं डालगं माझ्या मांडीवर देऊन भावाकडे तोंड करून बसली. काठाला लागल्यावर मामांनी इंजिन बंद केलं, तरी ती उठेना. वळून मळ्याकडे बघत राहिली.

"एवढंच अंतर व्हतं व्हय रं?" ती म्हणाली. "तवा लय लांब वाटलं मला."

मामांनी इंजिनाची दोरी नीट गुंडाळून ठेवली.

"मलाबी, आक्का," ते म्हणाले.

मी डालगं घेऊन खाली उतरलो आणि त्या दोघांकडे पाठ करून, कोंबड्या मोजत उभा राहिलो.