यजमानांच्या वाटच्या गोळ्या

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. पिंपळे गुरवहून जाण्यायेण्याचे साठ रुपये, औषध फुकट. हजर दोघी: मी आणि सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताई. ज्यांचं खरं काम होतं ते माझे यजमान चाकणला कंपनीत होते.

आम्हा दोघांनाही एचआयव्ही आहे. रोजची गोळी दोघंही वेळेवर घेतो. रक्तात आता विषाणू सापडत नाही. पण अंगावरून पांढरं जाणं आणि ओटीपोटातलं दुखणं मला वर्षात तिसऱ्यांदा झालं होतं.

"पुन्हा?" ताई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "बाहेर कुठे संबंध वगैरे?"

"माझं बाहेर म्हणजे भाजी मंडई, ताई."

दर वेळी ताई या दुखण्यावरच्या गोळ्यांची दोन पाकिटं देत, एक माझं, एक यजमानांचं. त्यांनी घेतलं नाही तर तुम्हाला परत होणार, हेही सांगत. माझं मी तिथेच घेई. त्यांचं ताटाशेजारी ठेवी, तिथून ते स्कूटरच्या डिकीत जाई.

"अहो, घेतल्या का गोळ्या?"

"अगं, रोज एवढी भारी गोळी घेतो, तिच्यापुढे हे जंतू टिकतात होय? आणि दुखतंय तुला. तूच घे दोन्ही."

निरोधाचंही त्यांनी ठरवून टाकलेलं: दोघांना आहेच, आता कोणाला कोणापासून वाचवायचं?

या वेळी ताईंनी दुसरं पाकीट दिलंच नाही. "त्यांना घेऊन या. माझ्यासमोर घेऊ देत. असंच चालू राहिलं तर पिशवीला इजा होईल."

घरी सांगितलं. यजमानांनी आधी हिशेब केला. मग म्हणाले, "खाडा पडेल. आठशे चाळीस बुडतील. ते कोण देणार?"

"मी देते."

गुरुवारी आले. ताईंनी त्यांनाही बाहेरचं विचारलं.

"मॅडम, ओव्हरटाइममधून वेळ कुठे मिळतो?"

हे उत्तर नव्हतं. ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. यजमानांनी गोळ्या गिळल्या.

"आता सात दिवस लांब राहायचं. पुढे निरोध वापरायचा."

"सात?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू रजा मीच नामंजूर केली होती.

पैसे मी पुढच्या तपासणीपर्यंत अडवून ठेवले. तीन महिन्यांनी ती झाली, काही निघालं नाही. त्याच संध्याकाळी शिवणाच्या कमाईतून आठशे चाळीस रुपये रोख यजमानांना दिले. त्यांनी ते मोजून घेतले.