पट्टा उतरवून बघणारा माणूस

माझा नवरा मला मोटर समजायचा.

आज वर्ष झालं त्यांना जाऊन. आता मी बोलणार, आणि त्यांना ऐकून घ्यावं लागणार. झकास.

साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये मोटरचे ड्राइव्ह दुरुस्त करायचे ते. ड्राइव्ह म्हणजे मोटरला करंट पुरवणारा डबा. मोटरने जास्त करंट ओढला की डबा ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. कारखाना ठप्प. मालकाची बोंबाबोंब.

हे आधी मोटरचा पट्टा उतरवायचे. रिकामी फिरवायचे. वायरीला मीटरचा चिमटा लावून करंट बघायचे.

करंट उतरला, तर मोटर चांगली. पुढचं मशीन जाम आहे.

एक मालक तर मोटर भंगारात काढायला निघाला होता. निघालं काय? मशीनचं बेअरिंग जाम!

हे सगळं मला रोज जेवताना ऐकावं लागायचं. मी म्हणायची, "आधी भात गिळा."

सन पंच्याऐंशीच्या सुमारास धाकटी लेक झाली, आणि मीच बंद पडले.

कांदिवलीच्या चाळीत नुसती बसून राहायची. दूध उतू गेलं तरी बसलेली. रडू कशाचं, तेही कळेना.

सासूबाई मालवणच्या. म्हणाल्या, "हिका गावाक धाड. चेडवाक मी सांभाळतंय."

तान्ही पोर इथे, मी तिथे. परत कोण आणणार मला?

हे म्हणाले, "आये, आधी हिच्यावरचा लोड काढून बघूया."

सुट्टी टाकली. पाणी भरलं, भात लावला, नळावर बसून दुपटी धुतली.

शेजारचा ओरडला, "काय रे, बायको ट्रिप झाली काय?"

"थांब, तुझ्या घरी पण मीटर घेऊन येतो!"

मी फक्त झोपायची आणि पोरीला पाजायची.

मग एका दुपारी माझ्या तोंडून निघालं, "आमटी आहे की गटाराचं पाणी?"

हा माणूस हातात पळी घेऊन नाचला हो!

"आये! बोलली! मोटर चांगली आहे!"

गावाला पाठवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. कामं मात्र त्यांनी एकेक करूनच परत दिली. पाण्याचे हंडे कधीच दिले नाहीत.

मला लिहिता येत नाही. मी बोलतेय ते लिहून घेणारी ही धाकटीच.

रडतेय आता. अगं, नाक पूस आणि नीट लिही.

अहो, तुमची लेक माझ्याजवळच आहे.

नमस्कार करते. सुखात असा.