फुसानोचा राहिलेला चहा

किनुए यासुहारा कुणाचं काही ठेवून घेणारी बाई नव्हती. जपानमधल्या हामादाच्या बंदराकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत तिची हीच ख्याती होती आणि तिला स्वतःला त्याचा मोठा अभिमान होता. शेजारणीने सकाळी शिजवलेल्या अरवीचा वाडगा दिला, की दुपारच्या आत तो घासूनपुसून लख्ख होऊन परत जायचा, आणि त्यात दुकानातून आणलेली, छान कागदात बांधलेली मिठाई असायची. भांडं रिकामं परत करायचं नाही ही तर सगळ्या गल्लीचीच रीत. पण बाकीच्या बायका चार-आठ दिवस जाऊ देत आणि वाडग्यात एखादी काडेपेटी, फार तर दोन संत्री टाकत. दिल्याचा आनंद देणाऱ्याला जरा उपभोगू द्यावा, एवढं शहाण्या माणसाला कळतं. किनुएलाही कळत होतं. तिला ते मधले दिवस सोसवत नसत, एवढंच.

वाडगा देणारी शेजारीण म्हणजे फुसानो. वयाने मोठी, सगळा जन्म मासळीबाजारात गेलेला, त्यामुळे घरातली कुजबुजसुद्धा गल्लीच्या टोकाला ऐकू जायची.

"किनुए, तुझ्याकडे भाजी पाठवायची म्हणजे भीतीच वाटते बाई," ती म्हणायची. "मी मुळा द्यायचा आणि तू त्या मिठाईवाल्याचं भलं करायचं. अगं, काडेपेटी टाक की. मला ती कामाला तरी येईल."

"असं कसं, फुसानोसान? तुमचे उपकार..."

"मुळ्याचे कसले आलेत उपकार?"

किनुएच्या नवऱ्याने अंथरूण धरलं त्या हिवाळ्यात फुसानो रोज संध्याकाळी माशाचं सूप घेऊन यायची. आजाऱ्याजवळ बसायची, त्याला बाजारातली भांडणं रंगवून सांगायची, आणि किनुएला दटावून झोपायला लावायची. नवरा गेला. दुखवट्यात लोकांनी जे दिलं त्याची परतफेड एकोणपन्नासावा दिवस झाल्यावर करायची हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. किनुएला तेवढा धीर कुठला? पहिला आठवडा सरतो न सरतो तोच ती काळा किमोनो नेसून, लाकडी पेटीतलं महागडं कलिंगड घेऊन फुसानोच्या दारात हजर झाली. गुडघे टेकून तिने पाठ केलेले आभार म्हणून दाखवले.

फुसानोने त्या पेटीकडे पाहिलं. "म्हणजे फिटलं म्हणायचं सगळं," ती म्हणाली. तेवढं एकच वाक्य गल्लीत कुणाला ऐकू गेलं नाही.

त्यानंतर वाडगे कमी झाले. किनुएला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला सांगा?

शेवटचा वाडगा पानं पिकायच्या दिवसांत आला. किनुए तासाभरात नाशपाती घेऊन परत करायला गेली. फुसानो भिंतीला धरून दारापर्यंत आली.

"आत ये ना. चहा टाकते. जरा बोलायचं होतं तुझ्याशी."

"नको नको, उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला? पाणी उकळतंच आहे."

किटलीचा आवाज उंबऱ्यापर्यंत येत होता. पण चहा घेतला की चहाचं देणं आलं, आणि आजच्या नाशपातीत ते धरलेलं नव्हतं. "पुन्हा कधीतरी," म्हणून किनुए वाकत वाकत मागे सरकली. फुसानो "बरं" म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

नव्या वर्षानंतर फुसानोचं घर बंद दिसलं. तांदूळवालीने सांगितलं, की तिला झटका आला, भाचा येऊन कुठल्याशा वृद्धाश्रमात ठेवून गेला. किनुएला रागच आला. इतक्या वर्षांचा शेजार, आणि बाई आजारपणाचं एक अक्षर बोलली नाही.

किनुए प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. वृद्धाश्रमांत कामाला आलेल्या परदेशी मुलींना ती गावच्या सभागृहात दर गुरुवारी फुकट जपानी शिकवायची. द्यायला तिची कधीच ना नव्हती. त्या गुरुवारी तिने फळ्यावर चांगुलपणाचे शब्द लिहिले होते. शिन्सेत्सु म्हणजे डोळ्यांना दिसणारा चांगुलपणा, कुणाची पिशवी उचलणं, वाट दाखवणं. ओमोइयारी म्हणजे समोरच्याने तोंड उघडण्याआधी त्याच्या मनातलं ओळखणं. नासाके म्हणजे अडल्यापडल्या माणसाबद्दल पोटात येणारी कणव. आणि सगळ्यांत खाली आमाएरु.

"म्हणजे दुसऱ्याच्या मायेवर आपला भार बिनधास्त टाकणं," ती म्हणाली. "लहान मूल आईवर टाकतं तसा."

"हा चांगुलपणाचा शब्द कसा, सेन्सेई?" व्हिएतनामहून आलेल्या लोआनने विचारलं. "यात तर आपण नुसतं घेतोच."

किनुए शिक्षकांच्या जुन्या युक्तीने म्हणाली, "तू वाक्य करून बघ, म्हणजे कळेल."

लोआन सावकाश, शब्द जुळवत बोलू लागली. "आमच्याकडे एक आजी आहेत. त्या कुणावरच भार टाकत नाहीत. अंथरूण ओलं झालं तरी घंटा वाजवत नाहीत. मी विचारलं, का हो आजी? म्हणाल्या, पाय जड व्हायला लागले तेव्हा शेजारणीला म्हणणार होते, माझ्याबरोबर दवाखान्यात चल. पण जी माझा मुळासुद्धा ठेवून घेत नाही, तिच्याकडे कोणत्या तोंडाने मागू? तेव्हा जी जीभ अडली ती अडलीच." लोआनने वर पाहिलं. "वाक्यं बरोबर आहेत ना, सेन्सेई?"

"बरोबर आहेत," किनुए म्हणाली. तिने वळून फळा पुसला. त्या आजी मासळीबाजारात होत्या का, हे तिने वर्ग सुटल्यावर विचारलं. उत्तर तिला आधीच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बसथांब्याजवळच्या दुकानात तिने सवयीने मिठाईचा डबा उचलला, आणि मग परत जागेवर ठेवला. रिकाम्या हातांनी ती बसमध्ये बसली. ते हात कुठे ठेवावेत हेच तिला कळेना.

फुसानो खिडकीशी चाकांच्या खुर्चीत होती. तिचा आवाज आता शेजारी बसणाऱ्यालाच ऐकू आला असता.

"काय आणलंस?"

"काही नाही."

फुसानोने तिचे दोन्ही हात निरखून पाहिले. अर्धाच चेहरा हसला. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

"त्या दिवशी काय बोलायचं होतं तुम्हाला? मी नाशपाती घेऊन आले होते तेव्हा?"

"होऊन गेलं गं ते. आता काय त्याचं?"

किनुएला रडू आलं. माफी मागायची वाक्यं तिला डझनाने येत होती आणि ती सगळी त्या कलिंगडाच्या पेटीसारखीच होती. ती एवढंच म्हणाली, "फुसानोसान, मी चहा घ्यायला आलेय."

"आता गं? किटली कुठाय माझ्याकडे?"

लोआन दुपारचा चहा घेऊन आली. पेल्यात पांढरी भुकटी घालून ती ढवळू लागली, तसा चहा पेजेसारखा दाटला. फुसानोला पातळ काही गिळता येत नव्हतं. बाहेरच्यांसाठी चहा नसतो, असं लोआन ओशाळून म्हणाली.

फुसानोने चांगल्या हाताने पेला किनुएकडे सरकवला. "घे अर्धा. तुला आवडायचा नाही म्हणा."

किनुएने चमचा घेतला. चहा कोमट, चिकट, चवीला नुसतं पाणी. दरवाज्यात उभं राहून ऐकलेली ती किटली तिला प्रत्येक घोटाला आठवत होती, आणि तरीही ती एकेक चमचा घेत राहिली. आभार मानले नाहीत.

"आणखी घे," फुसानो म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच किनुएला नको म्हणावंसं वाटलं नाही. पण पेल्यात आता फक्त फुसानोच्या वाटणीचा चहा उरला होता.