दाजींचे तळवे

हरळीला जीव लावणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच निघाला आणि तो आमच्या ताईच्या वाट्याला आला. आमच्या केदारखेड्याला हरळी म्हणजे शेताची वैरीण. तिच्या काशा, म्हणजे जमिनीतल्या चिवट मुळ्या, खणता खणता माणसाची कंबर जाते. आम्ही त्या काशा बांधावर फेकायचो आणि सासुरवाडीला आलेले आमचे दाजी त्या वेचून ओल्या फडक्यात बांधून न्यायचे. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला क्रिकेटचं एक मैदान आहे, तिथे ते वॉचमन म्हणून गेटवर लागले होते. पण समोर हिरवळ आणि रक्तात पिढ्यानपिढ्यांची मेंढरं. महिनाभरात खुर्ची गेटवर आणि दाजी मैदानात. पुढे बाहेरगावी जाऊन खेळपट्टी करायचं रीतसर शिकून आले, तरी भाषा मेंढपाळाचीच राहिली. गवत कापण्याला ते 'चारणं' म्हणत. घरी जेवायला बोलवावं, तर निरोप यायचा की उत्तरेकडची बाजू चारून राह्यलो, टाइम लागंल. काळी माती चिमूटभर जिभेवर ठेवल्याशिवाय खेळपट्टीत पडत नसे. लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी मंगल कार्यालयाच्या लॉनची विचारपूस. एका चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेले आणि दुर्वांच्या जुडीतल्या चार कांड्या खिशात घालून परत आले. ताई चिडली, तर शांतपणे म्हणाले, "देवाला चालती, तर बॉलरला काहून चालणार न्हाई?"

पण खरं वेड पायांचं. धुक्यातल्या सकाळी दाजी चपला सीमारेषेच्या दोरीबाहेर काढून, हात मागे बांधून, डोळे मिटून मैदानभर फिरायचे. झोपेत चालणाऱ्या माणसासारखे. कुठे मूळ तहानलंय, कुठे दाटी झालीय, कुठे रोलर जास्त फिरला, हे त्यांना तळव्यांतून कळायचं. मी कडेला बसून बघत राहायचो. शेजारच्या स्टील मिलचा धूर आणि धुकं एक झालेलं असायचं, दवावर त्यांच्या पावलांची एकच गडद रेघ उमटत जायची आणि भोंगा वाजेपर्यंत वाटायचं, जग अजून सुरूच झालेलं नाही. "डोळ्याला हिरवं दिसलं की तो फसतो, पाव्हणं," ते मला सांगायचे, "तळव्याला विचारावं."

आता पुढचं. हे मी नऊ वर्षं कुणापाशी बोललो नाही.

मोठ्या शहरातल्या एका स्टेडियमची दोन माणसं दाजींचं काम बघायला येणार होती. पसंत पडलं तर तिथल्या मैदानाची सगळी जबाबदारी दाजींकडे आणि राहायला क्वार्टर. ताईने तर आपल्या फुलझाडांच्या कुंड्या शेजारणीला देऊनही टाकल्या. पंधरा दिवस आधी गवताला खताचं पाणी द्यायचं होतं, नेमका दाजींचा फवारणीचा पंप बिघडला. मी माझा नेऊन दिला. त्याच आठवड्यात मी त्या पंपाने बांधावरच्या हरळीवर तणनाशक मारलं होतं. तळाशी तांब्याभर उरलेलं होतं. "धुतलाय ना बराबर?" दाजींनी विचारलं. मी गाडीवरून उतरलोही नव्हतो. हो म्हणालो आणि किक मारली.

माणसं आली तेव्हा खेळपट्टीवर पिवळे पट्टे पडलेले होते, वाळत घातलेल्या धोतरांसारखे. ती माणसं भली होती, चहा घेऊन गेली. दाजी पंपाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, कारण पंपावर त्यांचा संशयच गेला नाही. मेहुण्याने हो म्हटलं होतं ना. ते ताईला एवढंच म्हणाले, "जमीन आतून जळून राह्यल्ती आन् मला कळलं न्हाई. माझे तळवेच मेले." दुसऱ्या दिवसापासून ते मैदानात रबरी बूट घालून जाऊ लागले. लोक म्हणाले, शुगर झाली असंल. ताईने कुंड्या परत मागितल्या नाहीत. गवत पुन्हा आलं, सामने झाले, दाजी आता काम ओलावा मोजायची नळी आणि घड्याळ बघून करायचे, चुकायचेही नाहीत. पण दवावर त्यांची ती रेघ पुन्हा दिसली नाही आणि मी सकाळी तिकडे जाणं सोडून दिलं.

यंदाच्या मार्गशीर्षात गेलो. तसंच धुकं होतं. दाजी रोलरला टेकून उभे होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, तांब्याभर औषधासकट.

"तणनाशकच व्हतं? बराबर आठवतं?"

"बराबर आठवतं, दाजी."

"मंग पायाची चूक नव्हती," ते स्वतःशीच म्हणाले. मी शिव्यांची वाट बघत होतो. ते खाली बसले आणि बूट काढू लागले. "तुमच्या ताईला मात्र तुम्हीच सांगायचं. ते माझ्यानं व्हणार न्हाई."

नऊ वर्षं झाकलेली ती पावलं मऊ आणि पांढरी झाली होती, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी. दाजी दोरी ओलांडून आत गेले, अडखळत, थंडीने अंग चोरत. मधोमध थांबून त्यांनी डोळे मिटले, हात मागे बांधले.

"गवत काही म्हणतं का?" मी बऱ्याच वेळाने विचारलं.

"न्हाई अजून," धुक्यातून आवाज आला. "थांबू जरा."

मी दोरीबाहेरच थांबलो. त्यांच्या बुटांत दव उतरेल म्हणून ते हातात उचलून घेतले. आतून ते अजून गरम होते.